चार्ज देताना

या तीन किल्ल्या.
मोठी मुद्देमालाच्या खोलीची, पितळी कपाटाची,
तिसरी कशाची ते मलाही ठाऊक नाही,
माझ्या आधीच्या हवालदारानं अशीच हातावर ठेवली होती.
सही कर. पेन चालत नसेल तर झटक.

खालच्या फळीवर उजवीकडं तीन गाठोडी आहेत.
मालनबाई, भांडी घासायची: एक जोडवं, एक स्टीलची वाटी.
रेहाना बी, दाळमिलात पोती शिवायची:
दाभण, अजून सुतळी ओवलेलं.
तिसरी बसस्टँडवर झोपायची. तिचं नाव लागलंच नाही.
लेबलवर ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे’,
पुढं आकडा लिहायचा राहिलाय.
अक्षर माझंच आहे.

शिंगटे साहेब साताऱ्याकडचे, माणूस हुशार.
भिंतीवर उदगीरचा नकाशा, टाचण्या, लाल दोरा.
एकोणतीस डिसेंबर, अठरा डिसेंबर, पाच जानेवारी.
तीन वर्षं, तीन बाया, गळ्यावर तोच वळ.
अमावास्या आहे हे कळलं त्या रात्री
त्यांनी चार तालुक्यांतले भगत उचलून आणले.
पहाटेपर्यंत विव्हळणं ऐकत
मी याच स्टुलावर लाखेनं पाकिटं सील करत होते.

मग बाकीच्या अकरा अमावास्या रिकाम्या का जातात, साहेब?
मी विचारलं. त्यांनी चहा सांगितला.

वाटीला वास होता गं.
ताकाचा, ज्वारीच्या पिठाचा, आंबट.
आपल्याकडच्या लेकराला डोळे बांधून हुंगवलं तरी सांगेल.
येळवशीला गावात राहतं कोण?
मोंढ्याला कुलूप, शाळेला कुलूप,
कुत्रीसुद्धा बैलगाडीमागं शिवारात.
ज्याला शेत आहे तो आपल्या खोपीपाशी,
ज्याला नाही त्याला कुणीतरी हाक मारतं:
चला, भज्जी खायला, आंबील प्यायला.
त्या हाकेला नाही म्हणायची रीत नाही.

साहेब म्हणाले, सण वेगळा, तपास वेगळा.

चौथ्या येळवशीला मी रजा टाकली.
जुनेर नेसले, कुंकू पुसलं,
बिदर रस्त्याच्या कडेला भाड्याच्या खोलीत दार उघडं टाकून
तांदूळ निवडत बसले.
एकच मूठ तांदूळ. चौदा वेळा निवडला.
मागच्या मोरीत कॉन्स्टेबल सुग्रीव, हातात नुसती काठी,
आणि त्याला खोकला झालेला.

बारा वाजून गेले. मोटारसायकल थांबली.
हँडलला डबा, डब्यावर धुतलेलं फडकं.
चेहरा? विसरून जाशील असा.
‘मावशी, एकट्याच? चला की आमच्या रानात.’
किती गोड बोलला. देवाशपथ सांगते,
क्षणभर मला जावंसं वाटलं.
नोकरीच्या एकवीस वर्षांत
मला असं कुणी बोलावलंच नव्हतं.

मी म्हटलं, आधी पाणी पी, बाळा.
त्यानं तांब्या घेतला दोन्ही हातांनी.
दोन्ही हात एका जागी आले, तेवढंच मला पाहिजे होतं.

नंतरचं पेपरात आहे. साहेबांचा फोटोही आहे.
पेपरात नाही ते एवढंच:
तलाठ्यानं तीन दिवस दप्तर उलथंपालथं केलं,
त्याच्या नावावर, बापाच्या, आज्याच्या नावावर
एक गुंठा निघाला नाही.
कुठल्या रानात नेत होता, विचारलं तर
उगवतीकडं बोट करायचा.
‘ते काय, त्या लिंबापाशी.’
तिकडं तुरुंगाची भिंत होती.

का केलं, ते मला विचारू नकोस.
माझ्या रजिस्टरला तो रकाना नाही.

वाटीचं पाकीट उघडू नकोस. वास गेला असेल.
नसला गेला तर वाईट.

आणि हे बघ, तू नवी आहेस, इथं तुझं कुणी नाही.
मार्गशीर्ष सरताना कुणीतरी बोलावेल,
जा. डोळे मिटून जेव,
बाजरीचे उंडे दोन जास्तीचे घे.
फक्त गाडीवर बसायच्या आधी
हसत हसत विचार,
गट नंबर काय तुमचा?